पाठवणी राहिलेला गोंधळ

इंग्लंडहून परतल्यापासून मार्तंड गोंधळी रोज माझ्या दुकानात येऊन बसायचा आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. शिरड शहापूरच्या स्टँडसमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. न बोलणारं गिऱ्हाईक मला चालतं, पण न बोलणारा मार्तंड चालत नाही. जो माणूस संबळाच्या तालावर रात्रभर गातो-नाचतो, तो स्टुलावर बसून स्वतःची नखं बघत असेल, तर आपलं कामात लक्ष लागणार कसं?

मार्तंडाच्या घराण्याचं काम गोंधळाचं. तांदळाचा चौक भरून त्यावर घट मांडायचा, दिवटी पेटवायची आणि नाचत नाचत एकेका गावच्या देवाला नावानं बोलवायचं. माहूरची रेणुका, तुळजापूरची भवानी, आपल्या औंढ्याचा नागनाथ, सगळ्यांना. शेवटी आरती करून, दिवटी दुधात शांत करून ज्याला त्याला आपापल्या ठिकाणी पाठवायचं. अलीकडे लोक हे सगळं अर्ध्या तासात उरका म्हणतात आणि अंगणात डीजे लावतात. म्हणून इंग्लंडात स्थायिक झालेल्या हिंगोलीच्या अनिरुद्धनं नवरात्रात तिकडच्या मराठी मंडळासाठी बोलावलं, तेव्हा मार्तंड हरखून गेला होता. 'तिकडं नाव झालं तर हितली पोरं तरी शिकतील,' असं मला दहादा सांगून तो विमानात बसला. सोबत संबळ वाजवायला लखमा.

नाव झालंच. पेपरात फोटो आला. आणि आल्यापासून मार्तंडानं गावात एकही गोंधळ घातला नाही. कोणी सांगायला आलं की घसा बसला म्हणायचा.

मग लखमाच्या पोराचं, संतोषचं लग्न झालं. घरात नवी सून आली, आता गोंधळ घालायलाच हवा. तरी मार्तंड हलेना. लखमा तणतणत दुकानात आला.

"काहून येऊन नाही राहिला तू? माझ्या घरचा गोंधळ तू सोडून कोणी घालायचा?"

"दुसऱ्याला बोलव," मार्तंड म्हणाला.

"बोलवतो. मग आजपासून माझा संबळ तुझ्यासंगं वाजणार न्हाई."

बालपणापासूनची जोडी डोळ्यांदेखत तुटायला निघाली. मला राग आला. मी हातातला स्क्रू-ड्रायव्हर टाकला आणि मार्तंडाला म्हणालो, काय झालंय ते सांग, नाहीतर उद्यापासून इथं बसू नकोस.

तेव्हा तो बोलला. "पाठवणी राहिली. लोकं नाचून राहिले होते. गोरे बी उठले. आणखी एक म्हणा, आणखी एक म्हणा. मला बी चेव आला, म्हणत गेलो. मग हॉलवाल्यानं मोठे दिवे लावले. वेळ संपला म्हणाला. आरती राहिली. जाळाला तर परवानगीच नव्हती, दिवटी बॅटरीवरची दिली होती. ती बटणानं बंद केली न् आमी बाहेर आलो. खुर्च्या घडी केल्या, दाराला कुलूप लावलं. तिथं रेणुका आई तशीच बसून असंल."

लखमाला हसू आलं. "आई काय पासपोर्टावर गेली व्हती? येईल तिच्या मनानं."

"तिच्या मनानं गेली न्हवती. आपण बोलावलं म्हणून गेली. आता तुझ्या घरी तिला कुठून बोलावू?"

लखमाचं हसू मावळलं. मी काही देवभोळा नाही, पण मार्तंडाचा चेहरा बघून मलाही हसवेना. त्याच्या बायकोला, पद्माबाईला ताप आला तरी त्याला वाटे यामुळेच. म्हशीनं दूध चोरलं तरी यामुळेच. कशाचाही आवाज आला की दचकायचा. मी विचारलं, अनिरुद्धला एक फोन करायला काय झालं होतं? तर म्हणाला, "शिकलेली माणसं. हसतील. न्हाई हसली तर म्हणतील, काम अर्धं टाकून मानपान घेऊन गेला."

मग मीच अनिरुद्धच्या घरी व्हिडिओ कॉल लावला. अनिरुद्ध कामावर गेला होता. फोन त्याच्या बायकोनं, नीलांबरीनं उचलला. मार्तंड मागं सरकला, म्हणून मीच विचारलं, "वहिनी, त्या दिवशीच्या चौकावरचा घट होता, त्याचं काय झालं?"

तिनं फोन फिरवला. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात पाटावर तो घट होता. पानं वाळून वळली होती. नारळ जसाच्या तसा. पुढं दिवा.

"कुलूपबंद हॉलमध्ये कसा ठेवायचा? गाडीत मांडीवर घेऊन घरी आणला," ती म्हणाली. "उठवायचा कधी ते काकांनी सांगितलंच नाही, मग मी हलवला नाही. रोज दिवा लावते. घर बंद करून कुठं गेलेही नाही."

मार्तंडानं दुकानातच चपला काढल्या आणि फोनपुढं हात जोडले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

त्याच संध्याकाळी मार्तंडाच्या अंगणात राहिलेला गोंधळ पुरा करायला बसलो. तिकडं दुपार होती. फोन तांब्याला टेकवून उभा केला. पद्माबाईनं वाटीत दूध आणलं, लखमानं संबळ कसला, मार्तंडानं खरी दिवटी पेटवली. आरती झाली. एकेकाचं नाव घेऊन तो देवांना पाठवत गेला आणि शेवटी दिवटी दुधाकडं नेली.

"काका, थांबा जरा," फोनमधून आवाज आला.

मार्तंडाचा हात थबकला. जळतं तेल ठिबकायला लागलं.

"पाठवायलाच पाहिजे का? दिवसभर घरात मी एकटीच असते. आता तिच्याशी बोलायची सवय झालीय."

मार्तंडानं दिवटी मागं घेतली. इतके दिवस ज्या घडीसाठी त्याचा जीव टांगणीला लागला होता, ती घडी समोर होती आणि त्याला ती नकोशी झाली होती.

"बाई, हितं एक सून वाट बघून राहिली हाय," तो हळू म्हणाला. "पुढल्या नवरात्रात मी सोता येतो तुमच्या घरी बोलवायला. हॉलात न्हाई, घरी."

"नक्की?"

"नक्की."

तिनं नारळाला हात लावला आणि घट जागचा हलवून पाटावरून खाली घेतला. इकडं दिवटी दुधात गेली. फोन मात्र ना तिनं बंद केला, ना आम्ही. बराच वेळ तिचा रिकामा पाट दिसत राहिला.

दुसऱ्या दिवशी लखमाच्या दारात गोंधळ झाला. नवरानवरी चौकापुढं बसली होती, संबळ जोरात होता. माहूरच्या रेणुकेचं नाव घेतलं आणि मार्तंड एकदम अडला. दाराकडं बघत राहिला. मला वाटलं, पुढचं विसरला. लखमानं एक फेरा जास्त वाजवून सांभाळून घेतलं.

जेवणं झाल्यावर मी त्याला विचारलं, काय झालं होतं?

"आई आली का न्हाई ते बघून राहिलो होतो," तो म्हणाला. "तिकडं त्या लेकराला एकटं सोडून तिचा पाय निघाला नसंल तर?"