पोलादाला पाणी

लग्न होऊन मी गिरगावात आले तेव्हा चाळीतल्या आमच्या दोन खोल्यांपैकी मागची खोली आधीच अडवलेली होती. खिडकीशी जाड फळी, फळीला आवळलेला लोखंडी शिकंजा, भिंतीवर सहा-सात कानशी टांगलेल्या, आणि खाली ऐरण म्हणून रुळाचा हातभर तुकडा, शेजारी कोळशाची शेगडी. उरलेल्या जागेत चूल, भांडी आणि मी. हे कोटातल्या, म्हणजे फोर्टातल्या, एका पेढीवर कारकून होते. दिवसभर खर्डेघाशी करायची आणि घरी आलं की पगडी खुंटीला लावून लोखंड घासत बसायचं, हा त्यांचा नाद. नातेवाईक म्हणायचे, हा लोहाराकडे जन्मायचा तो वाट चुकून आपल्यात आला. मलाही आधी रागच यायचा. भाकरीच्या पिठात लोखंडाचा कीस सापडला की मी काही गप्प बसणाऱ्यांतली नव्हते.

पण राग टिकला नाही. एका दुपारी, हे पेढीवर गेलेले असताना, मी शिकंज्यात पितळेचा एक तुकडा धरला आणि कानस उचलली. रोज बघून एवढं कळलं होतं की कानस पुढे जाताना दाबायची आणि मागे येताना नुसती आणायची, उलटं केलं तर दात मरतात. दात भरू नयेत म्हणून त्यांना खडू चोळायचा, हेही पाहिलेलं. दुपारभर घासत राहिले. चहूकडे सोनेरी भुकटी उडाली, हाताला फोड आला, आणि तुकड्याची कड हळूहळू सरळ व्हायला लागली तशी मला जेवणाचीही आठवण राहिली नाही.

संध्याकाळी ह्यांनी त्या कडेला काटकोनी गुण्या लावून ती खिडकीसमोर धरली. मधून उजेडाची रेघसुद्धा दिसेना.

"हे मी कधी केलं?" ते म्हणाले.

"तुम्ही नाही. मी केलं."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा तुकड्याकडे, आणि भिंतीवरची बारीक कानस काढून माझ्या हातात दिली. "आता हिनं कर." एवढंच बोलले. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं.

त्यांना करायचं होतं हातभर लांबीचं वाफेचं इंजिन, खरोखर चालणारं. पितळी नळकांडं ओतून आणलं होतं, चाक तयार होतं. इंजिनाच्या बैठकीसाठी लोखंडाची जाड पट्टी कापायची होती, आणि त्यासाठी हवी होती चांगली छिन्नी. विकतची आणायची नाही, असा त्यांच्या गुरूंचा दंडक. गुरू म्हणजे परळच्या एका कारखान्यातले म्हातारे मिस्त्री. मालवणकडचे, राहायला भोईवाड्यात. रविवारी चालत यायचे, ह्यांचं काम बघायचे आणि मनसोक्त नावं ठेवायचे. ते आले की मी पुढच्या खोलीत दाराआड उभी राहायची, पण कान मागच्या खोलीत.

छिन्नी जुन्या कानशीच्या पोलादाची करायची. तापवून ठोकून आकार देणं ह्यांना छान जमायचं. अडायचं ते पाणी देताना. तोंडाकडचा भाग लालबुंद तापवायचा, फक्त टोक पाण्यात बुडवून काढायचं, आणि कुरुंद दगडाच्या तुकड्यानं झटकन घासून लखलखीत करायचं. मग मागे राहिलेली धग टोकाकडे सरकते आणि तिच्याबरोबर पोलादावर रंग धावत येतात. हवा तो रंग धारेवर पोचला की लगेच सगळी छिन्नी पाण्यात. आधी विझवली तर ती काचेसारखी तुटते, उशिरा विझवली तर वाकते. ह्यांची पहिली छिन्नी तुटली होती आणि दुसरी वाकली होती. तिसरी ठोकून तयार होती, पाणी द्यायचं तेवढं बाकी.

"ही तिसरी," मिस्त्री त्या रविवारी जाताना म्हणाले. "हीव मोडली तर लेखणी धरा, कारकुनानू. माका परत बोलावू नका."

ते गेल्यावर ह्यांचं तोंड एवढंसं झालं. "पुढच्या रविवारी ही मोडली, तर शिकंजा, कानशी, सगळं नळबाजारात भंगारवाल्याला देऊन टाकतो," ते म्हणाले. "मग तुला तुझी खोली मोकळी."

वर्षभरापूर्वी मी खोली मोकळी करा म्हणून भांडले असते. पण त्या घरात, 'आता हे तू कर' असं मला कुणी विश्वासानं म्हटलं असेल, तर ते त्या फळीशी. ती फळी जाऊ नये असं त्यांच्यापेक्षा मला जास्त वाटत होतं.

शनिवारी ते पेढीवरून लवकर आले. रंग नीट दिसावेत म्हणून आम्ही खिडकी अर्धी लोटून घेतली. आधी एका टाकाऊ तुकड्यावर सराव. त्यांनी टोक बुडवलं, घासलं, आणि मी त्यांच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. असं काही मी जन्मात पाहिलं नव्हतं. पांढऱ्या पोलादावर आधी साजूक तुपाचा रंग आला, त्याच्यामागून गुळाचा, मग वांग्याचा, आणि सगळ्यांत मागून मोराच्या मानेचा. एकामागून एक सरकत होते.

"निळा आला," म्हणत त्यांनी तुकडा पाण्यात घातला.

"निळा कुठला? धारेवर आत्ता कुठे गूळ संपून वांगं लागत होतं."

"वांगं?" ते चिडले. "चक्क निळा होता. मागे फिकट, पुढे गडद."

मी भांडायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मला माझी हिरव्या खणाची चोळी आठवली. तिच्यावर एकदा कुंकवाची कोयरी उपडी झाली होती, आणि समोर उभं राहून हे विचारत होते, कुठे सांडलंय? तेव्हा मी म्हटलं, पुरुषांचं लक्ष नसतं. आता चुलीतला निखारा आणि केळीचं पान पुढे करून एकेक विचारत गेले, आणि त्यांच्या उत्तरांतून ते उघड झालं. लाल, हिरवा, तपकिरी, जांभळा, या सगळ्यांची त्यांच्या डोळ्यांत सरमिसळ होती. तीस वर्षांच्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. आणि मला, खरं सांगते, वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. हात त्यांचे चुकत नव्हतेच.

"सांडशी माझ्याकडे द्या," मी म्हटलं.

त्यांनी दिली. चार तुकडे मी चार वेगळ्या रंगांवर विझवले आणि प्रत्येक ऐरणीवर ठोकून पाहिला. वांगं संपून मोर लागतो तिथे विझवलेला टिकला. मग छिन्नी तापवली. डोळे धारेवरून हलवले नाहीत. रंग आला, मी बुडवली, पाणी चर्रर्र बोललं.

रविवारी मिस्त्रींनी पट्टी रुळावर ठेवली, छिन्नी टेकवली आणि हातोडा घातला. दाराआड मी घाव मोजत होते. वीस घावांवर पट्टी तुटून खणकन खाली पडली. मिस्त्रींनी धारेवरून अंगठा फिरवला.

"हिका पाणी कोणी दिल्यान?"

"आमच्या घरातून," हे म्हणाले. बायकोचं नाव न घेता सांगायची ती रीत.

मिस्त्री खदाखदा हसले. "पाणी घरातसूनच येतला, कारकुनानू. कळशी कोणी आणल्यान ता नाय इचारणंय. रंग बघून विझवल्यान कोणी?"

ह्यांना हसण्यावारी नेऊन 'मी' म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं. माझी त्यालासुद्धा तयारी होती, फळी राहिली म्हणजे झालं.

"तिनंच," हे म्हणाले. "मला रंग दिसत नाहीत, मिस्त्री. लाल कुठला, हिरवा कुठला, मला कळत नाही. तिला दिसतात."

मग पिशवी उघडल्याचा आवाज आला, पावलं दाराशी आली, आणि उंबरठ्यावर एक छिन्नी ठेवली गेली. मिस्त्रींची स्वतःची, वापरून मुठीकडे गुळगुळीत झालेली, धार उडालेली.

"बाय, हिका तू पाणी दी."

परक्या पुरुषानं माझ्याशी थेट बोलण्याची ती पहिली वेळ. मी दाराआडूनच विचारलं, "कुठल्या रंगावर थांबवू?"

"ता माका कित्याक इचारतंस? डोळे तुझे," मिस्त्री म्हणाले. मग मागे वळून, "कारकुनानू, शेगडीकडसून जरा बाजूक सरा."

हे सरकले. मी पदर खोचला आणि आत गेले.