रिकाम्या बादल्यांचा मंगळवार

सोलांज तिबोदो आयुष्यात एकाच माणसाला घाबरली, ती म्हणजे ह्युगेतबाई ब्रोसे. आणि तेही घोड्यांच्या लिदीवरून.

गोष्ट एकतीस वर्षांपूर्वीची. सोलांजने तेव्हा घोड्यांवरच्या सहली नुकत्याच सुरू केल्या होत्या. आठवडाभर पाहुण्यांना घेऊन रानातून, द्राक्षमळ्यांतून हिंडायचं, रोज एक जुनी गढी बघायची आणि मुक्कामाला एखाद्या शेतघरी उतरायचं. पहिलीच सहल आमच्या शांब्रेल गावातून गेली ती नेमकी रविवारी, चर्च सुटायच्या वेळेला. ह्युगेतबाई पांढरे बूट घालून घरी येत होत्या आणि स्वतःच्याच दारात त्यांचा उजवा पाय नको तिथे पडला. मी बेकरीच्या रांगेत उभी होते, तिथवर त्यांचा आवाज आला.

“ही घोड्यांची सहल आहे की खताची गाडी?”

सोलांजला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाहुण्यांना गढीत सोडून ती फावडं आणि बादली घेऊन पायी परत आली आणि गढीपासून गावापर्यंतची सगळी वाट साफ केली. ह्युगेतबाई कमरेवर हात ठेवून बघत होत्या. शेवटी त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, “फेकू नकोस. माझ्या गुलाबांना टाक.”

तेव्हापासून गावाला एक रीत पडली. सहलीचा आमच्या गावातला दिवस मंगळवार ठरला. ज्याला खत हवं त्याने सोमवारी संध्याकाळी फाटकाला रिकामी बादली अडकवायची. मंगळवारी अकराच्या सुमारास घोडी जातात, पाहुणे गढी बघत बसतात, तेवढ्या वेळात सोलांज मागे फिरून लीद गोळा करते आणि दोनच्या आत बादल्या भरलेल्या असतात. माझी बादली निळी. माझे लाल भोपळे तुम्ही पाहिले असतील तर त्याचं श्रेय कुणाला ते आता कळलंच असेल.

मी ओदील. गावच्या मेअर-कचेरीत कारकून आहे. कचेरी आठवड्यातून तीनच दिवस उघडी असते, पण लोक मला बेकरीत, चर्चमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं असताना गाठून दाखले मागतात. त्यामुळे माझा स्वभाव थोडा तिखट झालाय असं म्हणतात. सोलांज माझी शाळेपासूनची मैत्रीण. ती बुटकी, पाय घोड्यावर बसून बसून बाहेर वाकलेले, आवाज मात्र असा की नऊ घोडी आणि आठ पाहुणे एका हाकेत रांगेला लागतात. पाहुणा कितीही मोठा असो, मुक्कामाच्या तबेल्यात फावड्याची पाळी चुकत नाही. एकदा पॅरिसचा एक साहेब म्हणाला, “मादाम, माझ्या हाताखाली दोनशे माणसं काम करतात.”

“मग एक फावडं जड का जावं?” सोलांज म्हणाली. साहेबाने फावडं उचललं. तेव्हापासून नऊ वर्षं दर सप्टेंबरला तो न चुकता येतोय.

आता अक्रोडवाटेबद्दल सांगते. गावाच्या टोकाला ह्युगेतबाईंचं घर, तिथून दोन्ही बाजूंना अक्रोडाची झाडं असलेली दीड किलोमीटरची पांढरी खडकाळ वाट रोशव्हेरच्या गढीच्या मोठ्या दरवाज्याशी जाते. मोटारीने येणाऱ्यांना गढी बाजूने दिसते, कचऱ्याच्या डब्यांमागून. अक्रोडवाटेने शेवटचं वळण घेतलं की ती समोर येते, चारही बुरूज, खंदक, पूल, सगळं एकदम. त्या वळणावर सोलांज दर मंगळवारी आपली कॅनेल घोडी थांबवते आणि मिनिटभर गप्प राहते. पाहुण्यांना वाटतं, त्यांना फोटो काढायला वेळ देते आहे.

तसं काही नाही. सोलांजचे वडील गढीच्या गोठ्यात कामाला होते. लहानपणी ती रोज सकाळी दुधाची किटली घेऊन जायची, पण मागच्या दाराने, स्वयंपाकघराच्या पायऱ्या उतरून. एकदा ती हट्टाने मोठ्या दरवाज्याकडे गेली तर तिथल्या माणसाने तिला खांद्याला धरून परत फिरवलं. सहली सुरू केल्या त्या वर्षी ती पहिल्यांदा घोड्यावरून त्याच दरवाज्यातून आत गेली आणि त्याच माणसाने, आता म्हाताऱ्या झालेल्या, टोपी काढली. “ओदील,” तिने मला सांगितलं होतं, “मी तेव्हा कशी रडले नाही तेच मला कळत नाही.”

गेल्या वर्षी पाणचक्कीचं जुनं घर देलेस्त्राद नावाच्या गृहस्थाने घेतलं. शहरातला निवृत्त माणूस, एकटा, नीटनेटका, फक्त शनिवार-रविवार येणारा. अक्रोडवाट त्याच्या दोन शेतांच्या मधून जाते. त्याने कचेरीत अर्ज टाकला: ही वाट कुणी वापरत नाही, गावाने ती मला विकावी, मी कुंपण घालीन आणि निगा राखीन. आमच्याकडचा कायदाच असा आहे की गावची वाट लोकांच्या वापरातून गेली तर गाव ती विकू शकतं. अर्जाला त्याने तीस फोटो जोडले होते. तिसातल्या एकाही फोटोत माणूस नव्हता, जनावर नव्हतं, लिदीचा एक गोळासुद्धा नव्हता.

माणूस खोटं बोलत नव्हता, तो मंगळवारी कधी इथे नसायचाच. आणि वाट खडकाची, खुरांचे ठसे उठत नाहीत. जी एक गोष्ट साक्ष द्यायला मागे राहिली असती ती सोलांज दर आठवड्याला फावड्याने गोळा करून आमच्या फाटकांवर टांगत होती. इथेच तर घोडं पेंड खात होतं.

चौकशी लागली. पंधरा दिवस कचेरीत नोंदवही उघडी ठेवायची, ज्याला जे म्हणायचं ते त्याने लिहायचं, शेवटच्या दिवशी चौकशी अधिकारी येऊन वाट बघणार. मी वही टेबलावर मांडली, शेजारी पेन दोऱ्याने बांधून ठेवलं. अकराव्या दिवशी वहीत तीन नोंदी होत्या. एक देलेस्त्रादची. एक सोलांजची. तिसरी रस्त्यावरच्या दिव्याबद्दलची तक्रार.

मी बेकरीत ह्युगेतबाईंना गाठलं. “अहो, येऊन दोन ओळी लिहा ना.”

“कशाबद्दल?”

“अक्रोडवाटेबद्दल!”

“वाट आहे ती आहे. त्यात लिहायचं काय? उद्या चर्च आहे असं लिहायला बोलवशील.”

सगळ्या गावाचं हेच. शेजाऱ्याविरुद्ध सरकारी वहीत लिहायचं म्हटलं की आमच्या लोकांची बोटं आखडतात, आणि प्रत्येकाला वाटत होतं की सोलांज बघून घेईल. मेअर म्हणाले, “शिवाय तिची सहल म्हणजे तिचा धंदा. एका बाईच्या धंद्याला लोकांचा वापर म्हणायचं की नाही, अधिकारी विचारणारच.” मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही, नोकरी अजून करायची आहे.

सोलांजला हे सांगायला मी तबेल्यात गेले. ती कॅनेलचे खूर साफ करत होती.

“वाट गेली तर हमरस्त्याने जा,” मी म्हणाले, पण बोलतानाच मला लाज वाटली.

“सहा किलोमीटर ट्रकांमधून? एकदा गेले होते. कॅनेल बुजली, एका बाईचं गळ्याजवळचं हाड मोडलं. पुन्हा नाही.” तिने खूर खाली ठेवला. “मंगळवार गेला तर सहल गेली, ओदील. लोक त्या एका वळणासाठी येतात. मीही त्याच्यासाठीच जाते. घोडी विकून मी काय करू? विणकाम?”

तिचा आवाज बारीक झाला होता. चाळीस वर्षांत मी तो तसा ऐकला नव्हता.

“मग ऐक,” मी म्हणाले. “अधिकारी मंगळवारी चार वाजता येतोय. त्या दिवशी साफ करू नकोस. पडू दे सगळी लीद. त्याला दिसू दे.”

“घाण ठेवू? ह्युगेतबाईंच्या दारात?”

“दारात नको, पुढे वाटेवर.”

“एकतीस वर्षांत कधी नाही ठेवली.”

“एकदा ठेव ना बये! नाहीतर पुढे साफ करायला वाटच उरायची नाही.”

तिने कॅनेलचा दुसरा खूर उचलून साफ केला, मग हो म्हणाली. मी तिला शपथ घातली की कुणाला बोलायचं नाही. कचेरीच्या कारकुनाने असले सल्ले दिलेत हे कळलं असतं तर मेअरनी मलाच विकायला काढलं असतं.

मंगळवारी अकराला नऊ घोडी गेली. सोलांजने आदल्या दिवशी त्यांना जरा जास्तच चारा घातला होता, हे तिने नंतर कबूल केलं. त्यांनी काम चोख केलं. मी बाराला सायकलवरून हळूच एक चक्कर मारून आले. वाटेवर ठिकठिकाणी असा ऐवज पडला होता की मला घोड्यांचा अभिमान वाटला.

चारला अधिकारी आला. लक्वँद्र नावाचा, उंच, हातात कागद लावलेली पाटी आणि पेन्सिल. देलेस्त्राद फाइल घेऊन हजर होता. सोलांज पाहुण्यांना गढीत सोडून पायी आली होती. आम्ही चौघं निघालो.

पहिल्या शंभर पावलांत काही नाही. दोनशेला नाही. मी सोलांजकडे पाहिलं, सोलांजने माझ्याकडे. बाराला जिथे मोठा ढीग होता तिथे पांढरा खडक चकचकत होता. अर्ध्या वाटेपर्यंत एक काडीसुद्धा नाही.

“बघा साहेब,” देलेस्त्राद म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. “मी अर्जात जसं लिहिलंय अगदी तसंच.”

“आज सकाळीच नऊ घोडी गेलीत इथून,” सोलांज म्हणाली.

“मादाम, मी जे दिसतं ते लिहितो,” लक्वँद्र म्हणाला आणि पाटीवर पेन्सिल टेकवली. सोलांजने मान खाली घातली. मला वाटलं की संपलं सगळं, आणि माझ्याच अकलेने संपलं.

तेवढ्यात पुढच्या वळणाआडून चाकाचा करकर आवाज आला. मग दुसऱ्या चाकाचा. आणि वळणावरून ह्युगेतबाई आल्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या, डोक्याला रुमाल, समोर लिदीने शीग लागलेली ढकलगाडी. त्यांच्या मागे बेकरीवाला. त्याच्या मागे पोस्टमनची बायको, दोन बादल्या घेऊन. मग मेअरचे सासरे. एकामागून एक सात ढकलगाड्या आणि कितीतरी बादल्या.

ह्युगेतबाईंनी अधिकाऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या थेट सोलांजवर घसरल्या.

“काय गं, तुला बरं नाही का? दोन वाजले, अडीच वाजले, बादली रिकामी! सगळ्यांच्या बादल्या रिकाम्या! शेवटी आम्हीच निघालो. एकतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, पोरगी घोड्यावरून पडली की काय!”

सोलांजने ढकलगाडीतला ढीग बघितला आणि मग माझ्याकडे पाहिलं.

लक्वँद्र पुढे झाला. “मादाम, आपण या वाटेने नेहमी येता?”

“नेहमी? जन्मल्यापासून. खाली ओढ्याला जायचं तर हीच वाट, आळंबी गोळा करायची तर हीच. हा बेकरीवाला रोज अंधार पडल्यावर कुत्रा घेऊन येतो. तुम्ही कोण?”

“ही वाट कुणी वापरतं का, याची चौकशी करायला आलोय.”

ह्युगेतबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग मान वळवून मागच्या सहा ढकलगाड्यांकडे पाहिलं.

“मग बाजूला व्हा,” त्या म्हणाल्या. “वाट अडवताय.”

तो खरंच बाजूला झाला. देलेस्त्रादही झाला. ढकलगाड्या एकेक करून पुढे गेल्या आणि लक्वँद्र मान हलवत प्रत्येक गाडी पाटीवर टिपत राहिला. मेअरचे सासरेही गेले, त्यांनी आपल्या बादलीवर टोपी झाकली होती, पण आत काय आहे ते सगळ्यांनी ओळखलं.

महिन्याने अहवाल आला. मी लिफाफा कचेरीत फोडला, आणि कचेरी तशीच उघडी टाकून तबेल्यात पळाले. वाट लोकांच्या वापरात आहे, विकता येत नाही, इतकंच त्यात होतं. सोलांजने तो कागद दोनदा वाचला, कॅनेलच्या मानेत तोंड खुपसलं आणि हमसून हमसून रडली. मीही रडले. कॅनेलने तेवढ्यात कागदाचा कोपरा खाल्ला. दप्तरातली प्रत अजून तशीच फाटकी आहे.

पुढच्या मंगळवारी हंगामातली शेवटची सहल होती. मी मुद्दाम रजा टाकून वळणावर जाऊन उभी राहिले. सोलांज आली, घोडी थांबवली, गढीकडे बघत मिनिटभर गप्प राहिली, आणि मग आठ पाहुण्यांना घेऊन मोठ्या दरवाज्यातून आत गेली. तासाभराने फावडं घेऊन परत आली. आम्ही दोघी मिळून गोळा करत पाणचक्कीपाशी पोचलो तर देलेस्त्रादच्या फाटकाला एक बादली टांगलेली. कोरी करकरीत, पिवळी, दुकानाची चिठ्ठी अजून तळाला चिकटलेली. मंगळवार असूनही घरात जाग होती, आणि खिडकीचा पडदा जरासा हलला.

सोलांज बादलीकडे बघत राहिली.

“लहान आहे,” ती म्हणाली, आणि शीग लागेपर्यंत भरली.