समासातला लाल दोरा

आमच्या व्याह्यांइतक्या बारकाईने इंग्रजी तपासणारा माणूस मी आयुष्यात पाहिला नाही, आणि त्यांना इंग्रजी येत नव्हते. हे विधान मी जबाबदारीने करीत आहे. सुरतेच्या एका मराठी शाळेत मी एकतीस वर्षे इंग्रजी शिकवले. कौतुक करण्याबद्दल माझी ख्याती नाही. माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याला विचारावे.

व्याही म्हणजे माझ्या मुलीचे सासरे. मूळचे खानदेशातले, राहणार सुरतेतल्या नवागामचे. बमरोलीच्या एका गिरणीत त्यांनी उमेदीची सगळी वर्षे ताके तपासण्यात घालवली. विणून आलेला ताका उजेडासमोरून ओढत न्यायचा, तुटलेला धागा, तेलाचा डाग, विणीतली फट असे काही दिसले की त्या जागी कापडाच्या काठाला लाल दोरा ओवायचा आणि पुढे जायचे, एवढेच ते काम. दोष कोणाचा, हे विचारायचे नाही. त्यासाठी सदऱ्याच्या कॉलरमध्ये लाल दोरा ओवलेली सुई कायम टोचलेली असे, आणि खिशात धागे मोजायचे घडीचे भिंग. पुढे गिरणीत तपासणीचे यंत्र आले आणि त्यांना घरी बसवण्यात आले, पण सुई कॉलरमध्येच राहिली. तिचा पहिला प्रत्यय मला मुलीच्या लग्नात आला. मंगलाष्टके चालू होती, मांडवातले सगळे वधूवरांकडे पाहत होते आणि वरपिता अंतरपाटाकडे पाहत होते. चौथ्या मंगलाष्टकाला त्यांनी अंतरपाटाची कड दोन बोटांत धरली, सहाव्याला भिंग काढले, आणि ‘सावधान’ म्हणून अंतरपाट दूर झाला तेव्हा त्याच्या काठाला लाल दोरा लोंबत होता. भटजींना तो काही खानदेशी विधी वाटला. त्यांनी त्यावर अक्षता टाकल्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कतारगामात एका तरुण शेठने संगणकाचे एक दुकानवजा कार्यालय काढले होते. साडीच्या काठाची नक्षी पडद्यावर काढायची आणि तीवरून मागाला लागणारी भोकांची कार्डे कापून घ्यायची, असा प्रोग्रॅम त्यांनी बनवून घेतला होता. खालच्या मजल्यावर हिरे घासण्याच्या चकत्या, म्हणजे घंट्या, फिरत, वरच्या मजल्यावर आम्ही बसत असू. या प्रोग्रॅमला शंभरावर आज्ञा होत्या आणि प्रत्येक आज्ञेचे एक माहितीचे पान होते: आज्ञेचे नाव, ती कशी टंकायची, तिने काय होते, कोणती खबरदारी घ्यायची, आणि शेवटी एक उदाहरण. गिऱ्हाइके बनारसपासून बंगळूरपर्यंत पसरलेली असल्याने पाने इंग्रजीत होती. ती आमचा भावनगरकडचा प्रोग्रॅमर लिही. त्याचे इंग्रजी सुधारण्यासाठी निवृत्तीनंतर मला नेमले होते. व्याह्यांना कोणी नेमले नव्हते. ते एकदा मला भेटायला आले, मी कामात होतो म्हणून समोरच्या बाकावर बसले, आणि तासाभराने मी मान वर केली तेव्हा बाकावर ठेवलेल्या गठ्ठ्यातल्या अकरा पानांच्या कडांना लाल दोरे लोंबत होते.

शेठ हसले. मग त्यांनी एकेक दोरा पाहिला आणि हसणे थांबवले. एका पानावर शीर्षक दोन अक्षरे आत सरकले होते. दुसऱ्यावर आज्ञेचे नाव वरच्या ओळीत ठळक होते आणि खालच्या ओळीत तिरपे. तिसऱ्यावर ‘खबरदारी’ हे कलम उदाहरणाच्या खाली गेले होते. बाकी सर्व पानांवर ते वर होते. ही पाने मी स्वतः वाचून पुढे दिलेली होती. मला त्यांत काहीही वावगे दिसले नव्हते, कारण मी ती वाचली होती.

दुसऱ्या दिवसापासून व्याही हजेरीपुस्तकावर सही करू लागले. सही इंग्रजीत. बँकेच्या खात्यासाठी कोणीतरी त्यांना नाव आणि आडनाव इंग्रजी लिपीत काढून दिले होते, ते त्यांनी नक्षी उतरवावी तसे गिरवून घेतले होते. ही सही करायला त्यांना दोन मिनिटे लागत आणि तेवढा वेळ ते श्वास रोखून धरीत. त्यांचे इंग्रजी तिथे सुरू होऊन तिथेच संपत असे.

त्यांच्या कामाची पद्धत अशी. पान प्रथम वाचायचेच नाही. खिडकीला लावून मागच्या बाजूने पाहायचे. “मागून देखा, गुरुजी. पुढून माल सजेल ऱ्हास, मागून खरं बोलस.” पुढून माल सजवलेला असतो, खरे मागून कळते, असा त्यांचा अनुभव. मग भिंग लावून समास मोजायचा. ओळीओळीतल्या मोकळ्या जागा एकाखाली एक येऊन पानात वरून खाली पांढरी रेघ पडली असेल, तर तो त्यांच्या लेखी सर्वांत मोठा गुन्हा. उभ्या ताण्यातला धागाच गायब झाल्यासारखा. शेवटी निकाल. पानांना ते कापडाचीच प्रतवारी लावीत: फ्रेश, सेकंड आणि चिंधी. ठळक आणि तिरप्या अक्षरांची सरमिसळ झालेल्या पानाला ते “एक ताकामा दोन लॉट” म्हणत आणि ते थेट चिंधीत टाकीत. एक पान त्यांनी सात वेळा परत पाठवले. प्रोग्रॅमर माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, “मास्तर, आ काका मने गांडो करी देशे.” काका त्याला वेड लावतील अशी त्याची तक्रार होती. मी व्याह्यांना तसे सांगितले. ते म्हणाले, “त्याला म्हणा, वेड लागलं तरी समास सोडू नको.”

घरीही वेगळे नव्हते. माझी मुलगी सांगे की सासरे पोळ्यांची चवड काठाला काठ जुळवून रचतात आणि एखादी लांबट झाली तर ती आपल्याच ताटात घेतात, सेकंडचा माल बाहेर जाऊ नये म्हणून. रस्त्याने जाताना ते दुकानांच्या पाट्या पाहत, वाचत नसत. एका कापडदुकानदाराला त्यांनी आत जाऊन शांतपणे सांगितले होते की तुमच्या पाटीतले चौथे अक्षर दम लागल्यासारखे मागे राहिले आहे.

छापील पानांखेरीज मूळ मजकुराची प्रतही त्यांच्यासमोर असे. तीत काही ओळींच्या सुरुवातीला टिंब असायचे. टिंबाने सुरू होणारी ओळ म्हणजे यंत्राला दिलेला हुकूम: इथे शीर्षक घे, इथे परिच्छेद मोड. ती ओळ छापली जात नाही. प्रोग्रॅमरने हे मला तीन वेळा समजावले. व्याह्यांना एकदाच सांगावे लागले. “म्हणजे टिंब हाऊ जोबर,” ते म्हणाले. “खात्यात हुकूम सोडस, कापडमा दिसत नही.” जोबर म्हणजे गिरणीतल्या खात्याचा मुकादम. असे चौदा जोबर होते. व्याही त्या सर्वांना चेहऱ्याने ओळखत.

पुस्तिका छापायला जाण्याच्या आठवड्यात शेठने मला आत बोलावले. “मास्तरसाहेब, काकाने अंग्रेजी आवडे नहीं, ने काका अंग्रेजी चोपडी तपासे. कोई सांभळे तो हसे.” काकांना इंग्रजी येत नाही आणि काका इंग्रजी पुस्तक तपासतात, हे कोणी ऐकले तर हसेल, ही त्यांची अडचण होती. मुंबईच्या भागीदाराने तसे विचारलेही होते. वयस्कर माणसाला स्वतः जा म्हणणे शेठच्या जिवावर आले होते. त्यांनी मला लेखी मत मागितले, भागीदाराला दाखवता येईल असे, इंग्रजीत. “तुमचे सगे आहेत,” ते हिंदीमराठीत म्हणाले, “म्हणून तुम्ही लिहाल तेच शेवटचे.”

व्याह्यांच्या दृष्टीने हे काय होते, ते मला ठाऊक होते. त्यांना चिंता पोटाची नव्हती; मुलगा कमावता होता. पण गिरणीने त्यांच्या नजरेला एकदा नको म्हटले होते. दुसऱ्यांदा कोणी तेच म्हटले असते तर ते नवागामच्या खोलीत भिंतीकडे पाहत बसले असते, आणि भिंत सुरतेत कोणती सरळ असते. हे सर्व ठाऊक असून मी पत्र लिहिले. नात्याकडे न पाहता निर्णय देतो, या गोष्टीचा मला फार अभिमान होता. इंग्रजी न जाणणाऱ्या व्यक्तीने इंग्रजी पुस्तिकेची तपासणी करणे समर्थनीय नाही, असे मी चार वाक्यांत टंकले. वाक्ये निर्दोष होती. मी खाली सही केली आणि पाणी प्यायला उठलो.

परत आलो तेव्हा व्याही माझ्या टेबलापाशी उभे होते आणि पत्र त्यांच्या हातात होते. टेबलावरचा कोणताही कागद ते तपासत. माझ्या वीजबिलालाही त्यांनी दोरा घातलेला होता. पत्राला दोन दोरे होते.

“डावा समास अर्धा धागा सरकला आहे, गुरुजी,” ते म्हणाले. “आणि हाई ओळमा दोन शब्दांच्या मधी जागा जास्ती सुटली. बाकी माल फ्रेश शे.”

मी कागद त्यांच्या हातून घेतला. ते आपल्या जागी गेले. त्यांना काही कळले नाही याचे मला बरे वाटले, हे मी लपवीत नाही. मग मी यंत्राशी बसलो, दोन्ही दोष दुरुस्त करून पत्र पुन्हा टंकले, दोरे असलेला कागद शब्दकोशात ठेवला आणि स्वच्छ प्रत खिशात घातली. शेठ बाहेर गेले होते. ते चारला येणार होते.

साडेतीनला व्याही एक छापील पान आणि त्याची मूळ प्रत घेऊन माझ्यासमोर आले. जुन्या नक्ष्या पुसून टाकण्याच्या आज्ञेचे ते पान होते. खाली ‘निर्दोष’ असा शेरा आणि माझी सही होती.

“हाऊ जोबर आपला खातामधला नही,” ते म्हणाले.

मूळ प्रतीतल्या एका टिंबावर त्यांचे बोट होते. मी म्हटले, “व्याहीबुवा, टिंबाची ओळ छापत नाहीत.”

“ते माले ठाऊक शे. चौदा जणांना मी ओळखतो. हा पंधरावा कुठून आला? आणि जोबर एवढा लांब नसतो. जोबर दोन अक्षरी बोलतो. हा पूर्ण ओळभर बोलतो आहे.”

मी ती ओळ वाचली. खबरदारीच्या कलमातले ते वाक्य होते. सर्व नक्ष्या ज्या फाइलीत साठतात तिच्या नावाची सुरुवातच टिंबाने होत होती, आणि वाक्याची सुरुवात त्या नावाने झाली होती. ती फाइल आधी दुसरीकडे उतरवून ठेवा, नाहीतर ही आज्ञा कारखान्याच्या सगळ्या नक्ष्या पुसून टाकील, असे ते वाक्य सांगत होते. यंत्राला टिंब दिसले, तो हुकूम वाटला, हुकूम समजला नाही, आणि त्याने ओळ गिळून टाकली. छापील पानावर वाक्य नव्हते आणि ते नसल्याची खूणही नव्हती. उरलेला मजकूर सुरेख वाचता येत होता. म्हणूनच मी सही केली होती.

चारला शेठ आले. मी दोन्ही कागद त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते वाचले, मग पुन्हा वाचले आणि खुर्चीत मागे टेकले. एका कारखान्यात किती वर्षांच्या नक्ष्या असतात, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होते.

“आ कोणे पकड्युं?” हे कोणी पकडले, असे त्यांनी विचारले.

“मी पास केले होते,” मी म्हणालो. “ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांनी पकडले. एकाला काढायचे असेल तर मला काढा.”

“अने पेलो कागळ?” त्यांनी पत्राबद्दल विचारले.

“लिहिला नाही,” मी म्हणालो. शिक्षकी पेशात आणि त्यानंतर मी बोललेले हे एकमेव असत्य. बाहेर येऊन खिशातली प्रत फाडली.

पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, माझ्या आग्रहावरून, ‘तपासणी’ या शब्दाखाली एकच नाव छापले गेले. ते माझे नव्हते. पहिली प्रत आली तेव्हा मी ते पान उघडून व्याह्यांपुढे ठेवले. त्यांनी ते खिडकीला लावून मागून पाहिले. मग भिंग काढले आणि आपल्या नावावर धरले. आडनावापर्यंत गेले, परत मागे आले, मधल्या जागेवर थांबले. हात कॉलरकडे गेला आणि तसाच खाली आला.

“आता बरोबर बसलं,” ते म्हणाले, आणि भिंगाची घडी घालून पुढच्या गठ्ठ्याकडे वळले.

‘आता’ हा शब्द घेऊन मी घरी आलो. शब्दकोश उघडला. पत्रातला एक दोरा डाव्या समासाला होता. दुसरा जिथे होता, तिथे त्यांचे नाव होते. नाव आणि आडनाव यांच्यामध्ये माझ्या हातून दोन जागा सुटल्या होत्या. ही अक्षरे ते रोज सकाळी श्वास रोखून काढीत. ती त्यांना कोणत्याही कागदावर ओळखू आली असती, आणि शेठने आत बोलावल्यावर जे पत्र टंकले जाते, ज्यात नाव त्यांचे आहे आणि सही माझी, ते कशाचे असते हे कळायला इंग्रजी लागत नाही. त्यांनी दोरा ओवला होता आणि दोष कोणाचा हे विचारले नव्हते.

आम्ही त्यानंतर चार वर्षे समोरासमोर बसलो. त्या पत्राविषयी ते बोलले नाहीत, मीही बोललो नाही. मग त्यांचे डोळे गेले, ते गावी गेले, आणि आता ते नाहीत. त्यांची सुई मुलीकडे आहे. पत्र माझ्याकडे आहे. दोऱ्यांचा लाल रंग उडून विटकरी झाला आहे, पण गाठी पक्क्या आहेत. कधीतरी मी ते काढतो, खिडकीला लावतो आणि मागून पाहतो. समास अजूनही अर्धा धागा सरकलेला दिसतो. मला आता दिसतो.