जेवलात का, काकी?

नोकरी सोडून मी जो धंदा सुरू केला, त्याला बायको 'उंटावरून शेळ्या हाकणं' म्हणायची. जुनं घर विकायला तयार होईल असा माणूस शोधायचा, थोडा बयाणा देऊन सौदा आपल्या नावावर बांधायचा आणि तो सौदाच एखाद्या बिल्डरला विकून मोकळं व्हायचं. मोबाइलवरचे ज्ञानी लोक व्हिडिओत एकच सांगत, स्वतः राबू नका, कामं बाहेर द्या. मला ते फार पटलं. अनोळखी माणसांशी बोलायची मला पहिल्यापासून लाज. कशाची वाटायला हवी होती, ते नंतर कळलं.

यादीचं काम मी एका बाइकवाल्याला दिलं. आमच्याकडे करावे, तळवली अशा गावांत कुणी गेलं की वेशीवर श्रद्धांजलीचा बॅनर लागतो. फोटो, दहाव्या-तेराव्याची तारीख, खाली घरच्यांची नावं. घरातला कर्ता गेला की घर विकायला निघतं, हा शोध माझा. बाइकवाला बॅनरचे फोटो काढायचा आणि नाक्यावर गोड बोलून घरचा नंबर मिळवायचा. पुढचे फोन साताऱ्याकडची एक बाई घरबसल्या करायची. तिला मी लक्षात राहील असा नंबर बघून सिम घेऊन दिलं होतं, आणि काय बोलायचं तेही लिहून दिलं होतं. पहिलं वाक्य, "जेवलात का?"

"पण सर, मी कोण म्हणून सांगू?" तिनं विचारलं होतं.

"सांगायचंच नाही. सुतकाच्या घरात सांत्वन करणाऱ्याला 'तू कोण' असं कुणी विचारत नाही."

हे मला ठाऊक होतं, कारण मी करावे गावातच वाढलो. आम्ही तिथं एका काका-काकींच्या घरात भाड्यानं राहायचो. आई कामावरून येईपर्यंत मला काकीच जेवू घालत. पहिला घास उतरेपर्यंत समोरून हलायच्या नाहीत.

ते काका गेले. मी दहाव्याला जाऊन आलो, वेशीवरच्या बॅनरला हातही जोडले. तेव्हाही डोक्यात प्रकाश पडला नाही. यादी मी उघडून बघतच नव्हतो. ते काम बाहेर दिलं होतं ना.

दुसऱ्याच दिवशी दुपारी काकींकडे बसलो होतो. मुलगा दहावा करून पुण्याला परत गेला होता, तेराव्याला पुन्हा येणार होता. फोन वाजला. काकींना कमी ऐकू येतं, त्यांनी स्पीकर लावला.

"जेवलात का, काकी?"

माझ्या हातातलं पाणी सांडलं.

"जेवले गं बाय. तू जेवलीस?"

मग माझंच लिहिलेलं दुसरं वाक्य आलं, मग तिसरं. एवढ्या मोठ्या घरात एकटीनं कसं राहाल. काका असते तर म्हणाले असते, मुलाकडं जा. काकी पदरानं डोळे पुसत 'हां, हां' म्हणत होत्या. मी फोन हिसकावून घ्यायला हवा होता. मी फरशीवरचं पाणी पायानं पुसत बसलो.

फोन ठेवून काकी म्हणाल्या, "यांच्याकडची कोनतरी हाय. आठ दिस रोज फोन करते, पोटच्या पोरीसारकी. ती म्हनते घर विका. तू शिकलेला, तू सांग. विकू?"

"नका विकू," मी म्हणालो. का, ते सांगायची हिंमत झाली नाही.

बाहेर येऊन मी साताऱ्याला फोन लावला आणि त्या बाईवर खेकसलो. माणसं कळत नाहीत का तुला?

"सर, तुम्हीच लिहून दिलंय," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "त्या काकी वाट बघतात हो माझी."

"तो नंबर ब्लॉक कर. आजच."

एवढं करून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली, हे सांगायला आता तोंड नाही.

तेराव्याला पंगत बसली. काकींनी मला आत बोलावलं. त्यांच्या शेजारी एक पान वाढून झाकून ठेवलं होतं.

"त्या पोरीचा फोनच नाय रं आला. मी लावते तर लागत नाय. तिला काय झालं तं नसंल? आज जेवाला बोलावाची होती." त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. "नंबर लिवून घे. शोध तिला."

मी खिशातून पेन काढलं आणि समोरच्या कागदी नॅपकिनवर तो नंबर लिहिला. लिहून झाल्यावर लक्षात आलं, मी मोबाइलकडे बघितलंच नव्हतं. काकी माझ्याकडेच बघत होत्या.

"बस," त्या म्हणाल्या, आणि झाकलेलं पान उघडून माझ्यापुढे सरकवलं. पहिला घास उतरेपर्यंत त्या समोरून हलल्या नाहीत.