झुलणारा काटा
मोटरच्या वार्निशचा वास आला की कानडी मुलखातल्या पीण्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना आठवतो. नव्वदच्या दशकात, माझ्या नोकरीच्या पहिल्याच वर्षी, तिथली मोठी मोटर दोनदा बेअरिंग बदलूनही लोडवर, म्हणजे भार पडला की, घुमत होती. मी वीजप्रवाह दाखवणाऱ्या अँपिअरच्या काट्याकडे पाहिलं. तो संथपणे मागेपुढे झुलत होता, आणि लोड काढताच स्थिर झाला. "अण्णा, आत फिरणाऱ्या रोटरचा बार तुटलाय," मी म्हाताऱ्या फिटरना म्हणाले. "उघडून काही निघालं नाही तर मालक दोघांनाही काढतील, अक्का," म्हणत त्यांनी पाना उचलला. रोटर बाहेर आला, तर तांब्याच्या एका बारला काळपट भेग होती. अण्णांनी टॉर्च माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "सरी, बरोबर आहे तुमचं, तुम्हीच बघा." पुढे अशा कितीतरी मोटरी तपासल्या, पण त्या संध्याकाळी बस रिकामी असूनही मी घरापर्यंत उभीच होते, आनंदाच्या भरात बसवतच नव्हतं.