हमीदभाईंची हरवलेली चावी

लेखी हुकमाशिवाय आमचे शिपाई हमीदभाई खिडकीसुद्धा उघडत नसत. जालना जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवायला रुजू झाले, त्या पहिल्याच दिवशी मी त्यांना स्टाफरूममधलं माझं टेबल जरा उजेडाकडे सरकवायला सांगितलं. त्यांनी खाकी शर्टाच्या खिशातून लहानशी वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि दोन्ही माझ्यापुढे धरलं.

"लिहून द्या बाईसाब. टेबल कुठून कुठं, अन् खाली सही."

मी हसले. ते हसले नाहीत. मी लिहून दिलं, तेव्हा कुठे टेबल तीन फूट सरकलं.

या वहीमागे कारण होतं. नोकरीच्या सुरुवातीला एका हेडक्लार्कने त्यांना जुनी बाकं बाहेर द्यायला तोंडी सांगितलं आणि चौकशीच्या दिवशी "मी कुठं म्हणालो?" असं विचारलं. दोन महिने हमीदभाई निलंबित होते. "त्या साहेबांना बोललेलं याद न्हाई राह्यलं," ते मला सांगत, "कागदाला याद राहतं. मोठ्या माणसांची याद लई नाजूक असती, बाईसाब. तिला तकलीफ द्यायची न्हाई."

इरा, तुला परवा नेतृत्व-शिबिराचं सर्टिफिकेट मिळालं आणि तू विचारलंस, "आजी, तू कधी खरा लीडर पाहिलास का?" पाहिला. तोही आमच्याच विभागीय विद्यार्थी नेतृत्व परिषदेत. मात्र कार्यक्रमपत्रिकेत त्याचं नाव नव्हतं.

विद्यापीठाने त्या वर्षी परिषदेचं यजमानपद आम्हाला दिलं आणि संयोजक म्हणून मला नेमलं. परिषद विद्यार्थ्यांची असल्यामुळे व्यासपीठावर विद्यार्थी सोडून सगळे होते. प्राचार्यांनी चार तासांचा कार्यक्रम आखला, त्यात सत्कारांना पावणेतीन तास. सत्काराच्या यादीत एक नाव घातलं की त्याच्या विरोधकाचंही घालावं लागे, मग दोघांच्या मेहुण्यांचं. विद्यार्थ्यांच्या वाट्याला दहा मिनिटं आली, तीही शेवटी आणि "वेळ उरल्यास".

ती दहा मिनिटं ज्योतीची होती. आष्टीकडून रोज येणारी, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाची मुलगी. तिला नेतृत्वाच्या नव्या वाटांवर वगैरे काही बोलायचं नव्हतं. तिला एका कुलपाबद्दल बोलायचं होतं.

आमच्याकडे मुलींसाठी स्वच्छतागृह बांधलेलं होतं. पांढऱ्या फरशा, आरसा, नळाला पाणी. एका तपासणी समितीला ते चकचकीत दाखवायचं म्हणून प्राचार्यांनी कुलूप लावून घेतलं. समिती आली, खूश झाली, गेली. कुलूप राहिलं. खेड्यांतून येणाऱ्या मुली सकाळपासून संध्याकाळपर्यंत पाणी पीत नसत. ज्योतीने तीन अर्ज दिले. प्राचार्यांनी ते फाइलला लावले, फाइल कपाटात लावली.

"हमीदचाचा, चावी तर तुमच्याकडंच हाय ना?" ती विचारायची.

"चावी माझ्याकडं हाय, पोरी. हुकूम साहेबांकडं हाय." आणि ते वहीचं पान दाखवायचे: पुढील आदेशापर्यंत बंद ठेवावे. खाली सही. मला तेव्हा त्यांचा फार राग येई.

परिषदेच्या आदल्या दिवशी शाली, नारळ आणि स्मृतिचिन्हं टेम्पोने आली. आमच्याकडे अशा वस्तूंना पाय फुटतात. प्राचार्यांनी हमीदभाईंच्या वहीत लिहिलं: सत्काराचे साहित्य सुरक्षित खोलीत कुलपात ठेवावे. ठळक सही. हमीदभाईंनी ते दोनदा वाचलं, म्हणाले, "बिलकुल बराबर," आणि कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या वीस पाहुण्यांचं साहित्य तबकांत तयार होतं. ते दुपारी एकला संपलं. अजून तीसेक मान्यवर मान पुढे करून बसले होते. प्राचार्यांनी माइकवरूनच हाक मारली, "हमीद, शाली आण!"

हमीदभाई व्यासपीठापुढे येऊन अदबीने उभे राहिले. "आणता येत न्हाई, साहेब."

"का?"

"मुलींच्या बाथरूममधी ठेवल्यात. कॉलेजात तेवढीच खोली सुरक्षित हाय. ठेवायचा हुकूम होता, ठेवल्या. काढायचा न्हाई. अन् ती खोली तर पुढील आदेशापर्यंत बंद हाय."

माइक चालू होता. तीनशे मुलंमुली ऐकत होती. मागच्या बाकांवरून हसू फुटलं. माझ्या लक्षात यायला जरा उशीरच झाला, पण आलं. मी दुसरा माइक घेतला. "साहित्य येईपर्यंत ज्योती आपले विचार मांडेल."

ज्योतीने दहा मिनिटं घेतलीच नाहीत. "या हॉलमधल्या आमच्या कॉलेजच्या मुलींनी सकाळपासून पाणी प्यालेलं न्हाई," ती म्हणाली. "आजच न्हाई, रोजच पीत न्हाईत. शालींना जागा मिळाली, नारळांना मिळाली. आम्हाला कधी मिळणार, एवढंच विचारायचंय." आणि खाली बसली.

विद्यापीठातून आलेल्या बाई प्राचार्यांकडे वळल्या. "सर, ती खोली बंद का आहे?"

"छे, छे! आत्ता उघडणारच होतो. हमीद, उघड!"

हमीदभाईंनी वही पुढे केली. "लिहून द्या, साहेब."

प्राचार्यांनी तीनशे लोकांसमोर लिहिलं. हातातला पुष्पगुच्छ त्यांना बगलेत धरावा लागला. दार उघडलं आणि मुली उठल्या. त्यांची रांग मोठी होती. शाली नंतर आल्या. जिल्ह्याच्या मान्यवरांचा त्या दिवशी प्रथमच मुलींच्या मागे नंबर लागला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य म्हणाले, "आता ते कुलूप पुन्हा लावून टाक."

"लावतो की. लिहून द्या."

ते लिहिण्याचं धाडस काही त्यांचं झालं नाही.

मी हमीदभाईंना एकदा विचारलं, "हे तुम्ही मुद्दाम केलंत ना?"

"तोबा, बाईसाब! मी शिपाई माणूस. साहेबांचं अक्षर वाचून राह्यलो फकत." पण त्या दिवशी वहीमागून ते हसले. निलंबनाची चव एकदा घेतलेल्या माणसाने काय पणाला लावलं होतं, ते मला त्या हसण्यात दिसलं.

निवृत्त होताना त्यांनी पुढच्या शिपायाला एक्केचाळीस चाव्या सही घेऊन मोजून दिल्या. यादीत शेवटची ओळ होती: मुलींचे स्वच्छतागृह, चावी हरवली. मग ते माझ्याकडे आले आणि टेबलावर एक चावी ठेवली.

"ही हरवलीय, बाईसाब. नीट सांभाळा."

आयुष्यभर कागदाला जपणाऱ्या माणसाने कागदावर लिहिलेली ती एकच खोटी ओळ.

हमीदभाई गेल्या महिन्यात गेले. त्यानंतर आठवड्याभरात कॉलेजातून फोन आला. नवे प्राचार्य फार नम्रपणे बोलत होते. पुन्हा एक समिती येतेय म्हणे, सगळं चकचकीत ठेवायचंय, तर त्या जुन्या कुलपाची चावी मॅडमकडे असण्याची काही शक्यता?

मी टेबलाचा खण ओढून पाहिला. चावी जागेवर होती. खण बंद केला.

"लिहून पाठवा," मी म्हटलं. "कोणती खोली, कशासाठी, अन् खाली सही."

अजून पत्र आलेलं नाही.