उगवतीला फिरवलेला काटा

"पाह्यलं का, मास्तरचं घड्याळ भर दुपारी नऊ वाजवून राह्यलं! राखीव जागेचं गनित हे!"

सरपंच माईकवरून बोलले आणि सव्वीस जानेवारीचा अख्खा मंडप हसला. शाळेच्या अंगणात मी बसवलेल्या दगडी छायाघड्याळावर सावली खरोखरच नवाच्या आसपास होती. दोरीबाहेर माझे वडील उभे होते. आत त्यांना बोलावणे नव्हते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ही गोष्ट. टेंभुर्णीजवळच्या खेड्यात मी गणित शिकवत होतो. गावाचा अक्षांश वीस अंश, म्हणून काट्याची धार वीस अंशांनी उचलली. वीस अंशांच्या साइनला तासकोनाच्या, म्हणजे तासाला पंधरा अंशांच्या, टॅनने गुणून आलेल्या टॅनवरून तासरेषांचे कोन काढले. सकाळची आणि दुपारची अशा समान लांबीच्या दोन सावल्या आखल्या, त्यांमधला कोन दुभागला, खरी उत्तर दिशा मिळवली. रेषा कोरल्या वडिलांनी. दुष्काळी कामावर खडी फोडलेले हात.

त्या हातांनी दगड बाटला, असे सरपंचांनी ठरवले. आदल्या दिवशी गोमूत्र शिंपडले. पूजा मांडली. पूजेसाठी अख्खा दगड फिरवून काट्याचे तोंड उत्तरेकडून पूर्वेला केले.

मी उभा राहिलो. "काटा कोणीतरी फिरवला आहे. तो उत्तरेलाच हवा."

"देवाचं तोंड उगवतीला असतंय, मास्तर. तुमच्या लोकायला ते कसं कळावं?"

पुन्हा हशा. मुख्याध्यापकांनी तिथेच कागद पुढे केला. गणित माझे चुकले, असे लिहून द्या. नाहीतर नोकरी विसरा.

मी कागद परत केला. "माझे गणित बरोबर आहे. लिहून देणार नाही."

नोकरी गेली. ते सोसले. सोसवले नाही ते वाटेतले वडिलांचे बोलणे.

"बाबू, माझ्याच हातून रेघ वाकडी गेली काय रे?"

"नाही, बाबा. दगड फिरवला त्यांनी."

त्यांनी मान डोलावली. पण छिन्नीला पुन्हा हात लावला नाही. मरेपर्यंत नाही.

दगड आजही पूर्वेलाच तोंड करून आहे. लोक म्हणतात, गुपचूप जाऊन फिरवून या. का? मी चोर नाही. माझे अर्ज फेटाळले गेले, मी पुन्हा केले. मागणी बदललेली नाही. ज्यांनी काटा फिरवला त्यांनी, ते नसतील तर त्यांच्या वारसांनी, भर दिवसा गावासमोर तो उत्तरेला करावा. रेषा कोरणाऱ्याचे नाव त्या दगडावर घालावे.

तोवर त्या अंगणातली प्रत्येक दुपार खोटी आहे. आणि ती खोटी आहे, असे मी लिहीत राहणार.